सर्वधर्मीय हवामान-आवाहन: गावात कसं जमवायचं

4 ऑक्टोबर 2021 रोजी व्हॅटिकनमध्ये सुमारे 40 धर्मप्रमुखांनी एकाच हवामान-आवाहनावर, म्हणजे हवामानबदल रोखण्यासाठीच्या संयुक्त निवेदनावर, सह्या केल्या. तालुक्याच्या गावात पाच-सहा जण पुरेसे आहेत.

आधी प्रत्येकाला स्वतंत्र भेटा. पहिलीच बैठक सगळ्यांची ठेवली तर अर्धा वेळ मानपानात जातो. तारीख ठरवताना शुक्रवारची दुपार, रविवारची सकाळ आणि एकादशी टाळा. जैन मुनी चातुर्मासात मुक्काम हलवत नाहीत, त्यामुळे त्या दिवसांत बैठक त्यांच्याकडेच घ्या. चहा-नाश्ता सूर्यास्तापूर्वी, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय.

मसुदा एक पानच हवा. धर्मवचनं प्रत्येकी एक, ज्याची त्यानेच निवडलेली. खरा कस मागण्यांत लागतो. ‘पर्यावरण वाचवा’ यावर कुणीही सही करतो आणि पुढे काहीच होत नाही. त्यापेक्षा मोजता येईल असं लिहा: नगरपालिकेने ओढ्याकाठी कचरा जाळणं अमुक तारखेपर्यंत थांबवावं, आणि आम्ही स्वतः वर्षभरात छतावर सौर पॅनेल बसवू. एक किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते, दिवसाला सरासरी चारेक युनिट वीज मिळते. कळस-मिनाराची सावली दुपारी कुठे पडते ते आधी बघा.

नावं अकारविल्हे छापा. सह्या अंतिम छापील प्रतीवरच घ्या. कच्च्या मसुद्यावर घेतल्या आणि नंतर एक शब्द जरी बदलला, तरी कुणीतरी अंग काढून घेतंच. निवेदन दिल्यावर पोच घ्यायला विसरू नका.