भाव बोलीवर सोडा, पट्टी सरकारकडे मागा

रत्नागिरीतल्या हर्णैच्या बंदरावर मासळीचा भाव ठरायला मिनिटभर लागत नाही. पाटी वाळूवर उतरते, पुकारा होतो, तीन-चार जण बोली चढवतात, संपलं. मच्छीमार सोसायटीचा हिशेब मी बावीस वर्षं लिहिला. दर सभेत एकजण म्हणणारच, ‘सरकारने भाव बांधून द्यावा’, आणि दुसरा लगेच उठणार, ‘सरकारला बंदरावर पाय ठेवू देऊ नका’. अशा वेळी ठराव कसा लिहायचा ते सांगतो. तुमच्याकडे आंबा-काजू असेल, तरी रीत हीच.

आधी विचारा, तोटा कुणाच्या पदरात पडणार? घेणारा-देणारा समोरासमोर उभे असतील तर भावात हात घालू नका. आम्ही एकदा घातला. बांगडा उदंड आला होता, सोसायटीने किमान दर लावला. व्यापारी गाड्या घेऊन दुसऱ्या बंदराला गेले. दुपारपर्यंत बर्फाचं पाणी झालं, माशांचे डोळे पांढुरले, कल्ले काळे पडले. शेवटी सगळा सुकवायला टाकला आणि मिठाचे पैसेही सुटले नाहीत.

पण पुढच्या वर्षीचं पापलेट बोलीला उभं राहू शकत नाही. तिथे नियम हवाच. मी एकट्याने बारकं पापलेट सोडलं तर शेजारची होडी ते उचलते, म्हणून नियम सगळ्यांना एकदम लागला पाहिजे. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी त्यासाठीच आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांचा किमान आकार ठरवला, त्यात पापलेट १३५ मिलिमीटर. मी लाकडाच्या पट्टीवर तेवढी खूण केली आहे. मासा पट्टीवर ठेवला की तंटा मिटतो. नियम मागायचा तो असाच, तारीख पाहून किंवा पट्टी लावून जेटीवर तपासता येईल असा. रात्री एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून मासेमारी चालते, ती नुसत्या कागदावरच्या बंदीने थांबत नाही. बंदीसोबत गस्तीनौकाही मागा.

मग बाजार खरोखर मोकळा आहे का ते पाहा. माझा जीव इथेच तुटतो. जाळ्यासाठी, डिझेलसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली की मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावात. पोरगा रात्रभर दर्यात आणि सकाळी त्याच्या पाटीला बोलीच नाही! इथे भाव बांधून काही होत नाही, कर्ज मिळायला दुसरी वाट हवी. किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांनाही मिळतं. सोसायटीने प्रत्येकाचे कागद स्वतः पुरे करून द्यावेत. लिलावाचा काटाही वजनमापे खात्याकडून वेळच्या वेळी तपासून घ्या.

अनुदान मागताना डिझेलवरच्या कराच्या परताव्यावरच अडून बसू नका. ज्याची बोट मोठी, तो जास्त जाळतो आणि जास्त नेतो. शीतगृह मागा. माल एक रात्र टिकला तर लहान होडीवालाही पडलेल्या बोलीला ‘नाही’ म्हणू शकतो.

अर्ज योग्य दारात जाऊ द्या: किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्य, पुढे केंद्र. आणि प्रत्येक ठरावाखाली फेरविचाराची तारीख घाला. आम्ही नारळी पौर्णिमेनंतरची पहिली सभा धरतो. त्या दिवशी मागच्या हंगामाची लिलावाची वही सगळ्यांसमोर उघडतो आणि ज्या नियमाने कुणाचंच भलं झालं नाही, तो खोडायचा अर्ज तिथेच लिहितो.