वृद्धाश्रमाच्या अंगणात कोणती झाडं लावावीत?

रोपवाटिकेत गेलं की हात आधी अरेका पाम नाहीतर क्रोटनकडे जातो. निगा कमी, म्हणून. पण म्हाताऱ्या माणसांच्या बागेत नेमकी हीच उणीव ठरते. झाड घेताना विचारायचं एवढंच: आजी-आजोबांना याच्यापाशी रोज काय काम मिळेल?

या कसोटीवर मोगरा पहिला. 12 ते 14 इंची कुंडी आणि पाच-सहा तास ऊन हवं. जानेवारीअखेर आठ-दहा दिवस पाणी तोडावं, एक तृतीयांश फांद्या छाटाव्यात, पानं खुडावीत, मग शेणखत घालून पाणी सुरू करावं. मार्चपासून कळ्या येतात. नुसतीच पानं येत असतील तर ऊन कमी पडतंय किंवा नत्र जास्त झालंय. कळ्या संध्याकाळी खुडायच्या आणि गजरा ओवायचा. हात थरथरत असेल तर मोठ्या नेढ्याची बोथट सुई द्यावी.

वयानुसार नाक मंदावतं. म्हणून पान चुरगळलं की वास देणारी झाडं हवीतच: मरवा, तुळस, पानओवा. पानओव्याची चार इंची फांदी ओल्या मातीत खोचली की जगते. मरवा मात्र पावसाचं पाणी साचलं की कुजतो, त्याला छपराखाली ठेवावा. गवती चहाच्या पातीला धार असते आणि म्हातारपणी कातडी पातळ होते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तर साधा ओरखडाही वाहत राहतो. तो मागच्या रांगेत लावावा, कात्रीनेच कापावा.

नजर अधू झाली की निळा-जांभळा रंग मळकट दिसतो. गोकर्णापेक्षा झेंडू, जास्वंद उठून दिसतात. ज्यांना धीर नाही त्यांच्यासाठी थंडीत मेथी: तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात भाजी.

विसरभोळेपणाचा आजार असलेली माणसं कधीकधी हाताला येईल ते तोंडात घालतात. कण्हेर, बिट्टी, धोतरा, गुंज, डिफेनबेकिया ही विषारी झाडं आवारातच नकोत. कॅलेडियम तर अळूसारखंच दिसतं, त्याची भाजी व्हायला वेळ लागणार नाही.

वाफा जमिनीवर नको. खुर्चीत बसून काम करायला तो दोन ते अडीच फूट उंच असावा. हात एकाच बाजूने पोचणार असेल तर रुंदी दोन फूट, दोन्ही बाजूंनी पोचणार असेल तर चार. भरलेली कुंडी कोणालाही उचलू देऊ नये. झारी दोन लिटरची पुरे.

प्राजक्त लावावाच, पण वाटेपासून लांब. सडा ओला झाला की पाय घसरतो. रात्री खाली जुनी साडी अंथरावी आणि सकाळी फुलांसकट उचलून टेबलावर ठेवावी. वेचायचं काम खुर्चीत बसून होतं.