फॅनफिक वाचताय? मग या चुका टाळा

‘पुढचा भाग कधी?’ एवढंच लिहून निघून जाणाऱ्यांसाठी आधी. दूधवाल्याला ‘उद्या दोन पिशव्या’ सांगावं तसं सांगून जातात ही मंडळी, आणि वर त्यांना वाटतं की आपण प्रोत्साहन दिलं.

फॅनफिक म्हणजे आवडत्या पुस्तका-सिनेमांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेली कथा, आणि ती फुकट असते. आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही फॅनफिकची वेबसाइट, म्हणजे आपली एओथ्री, २००९ पासून स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. जाहिराती नाहीत आणि तिथल्या कथांवर पैसे कमवायची परवानगीही नाही. लेखकाच्या पदरात काय पडतं, तर कुडोस, म्हणजे बदामाचं बटण दाबून दिलेली शाबासकी, आणि कमेंट. त्यातही कुडोस एका कथेला एकदाच देता येतं, मग ती चाळीस प्रकरणांची का असेना. तिसऱ्या प्रकरणाला बदाम दाबलात की तुमचा कोटा संपला. पुढे तुम्ही अजून वाचताय की कधीच पळालात, हे त्या माणसाला कमेंटशिवाय कळणार कसं?

माझी एक मैत्रीण महाभारतातल्या उत्तरेवर लिहीत होती. अभिमन्यू गेल्यानंतरच्या रात्री उत्तरा बृहन्नडेने शिकवलेला एक तोडा एकटीच आठवून बघते आणि दर वेळी तिचे पाय त्याच मात्रेला अडतात, असं प्रकरण. कितीतरी दिवस घासत बसली होती त्यावर. टाकल्यावर पहिली कमेंट आली, ‘नेक्स्ट पार्ट फास्ट प्लीज’. दुसरी, ‘अपडेट जरा मोठा टाकत जा ना’. तिसऱ्या बाईंनी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची यादी दिली, कुणी मागितली नसताना. अडलेल्या पावलांबद्दल एकानेही अवाक्षर काढलं नाही.

तिने कथा ऑर्फन करून टाकली. एओथ्रीवर ही सोय आहे. कथा जागेवर राहते, लेखकाचं नाव निघून जातं, आणि नंतर पश्चात्ताप झाला तरी ती परत आपल्या नावावर घेता येत नाही. मग त्याच मंडळींनी खाली गळा काढला, ‘ताई कुठे गेल्या, किती सुंदर लिहायच्या’. ऑर्फन कथेवरच्या कमेंटची सूचना मूळ लेखकाला जातच नाही. रडा आता.

मी काय करते, तर वाचताना अडकवून ठेवणारं वाक्य कॉपी करून फोनच्या नोट्समध्ये टाकते. प्रकरण संपलं की ते कमेंटमध्ये चिकटवायचं आणि खाली आपलं काय झालं ते लिहायचं. ‘इथे माझा चहा गार झाला’ एवढंही पुरतं, समीक्षा कुणी मागितलेली नाही. ‘मला नाही हो छान लिहिता येत’ ही सबब मी ऐकून घेत नाही. व्हॉट्सॲपवर नणंदेबद्दल तीन-तीन परिच्छेद बरे सुचतात! आणि कमेंट एआयकडून लिहून घेऊ नका. ‘भावनांची सखोल गुंफण’ दिसली की लेखकाला कळतं, यांनी काही वाचलेलं नाही.

दुसरं दुखणं टॅगचं, म्हणजे कथेत काय आहे ते सांगणाऱ्या वरच्या लेबलांचं. ‘नो आर्काइव्ह वॉर्निंग्ज अप्लाय’ म्हणजे टोकाची हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार आणि अल्पवयीनांचे लैंगिक संबंध, या चारांपैकी कथेत काहीच नाही. ‘क्रिएटर चोज नॉट टू यूज आर्काइव्ह वॉर्निंग्ज’ म्हणजे लेखकाने सांगायचं नाही असं ठरवलंय. चारातलं काहीही निघू शकतं, चारही निघू शकतात. नवशिके दोन्हींचा अर्थ ‘काही धोका नाही’ असा लावतात आणि नायक मेला की खाली येऊन भांडतात. आधी वॉर्निंग, मग टॅग, मग लेखकाची टीप, या क्रमाने अर्धं मिनिट द्या. नको असलेले टॅग फिल्टरमधून वगळता येतात. तरीही चुकून घुसलात तर बॅकचं बटण आहेच.

बाकीच्या चुका झटपट. कायम कुडोसच्या क्रमानेच कथा लावल्यात तर त्याच त्या जुन्या लोकप्रिय कथा वर येणार. अधूनमधून तारखेनुसार लावून बघा. ‘पूर्ण झाल्याशिवाय वाचतच नाही’ म्हणणाऱ्यांनी अर्धवट सुटलेल्या कथांबद्दल हळहळू नये. चुका दाखवायची फारच खुमखुमी असेल तर लेखकाने टीपेत तसं बोलावलंय का ते बघा. नसेल तर कुणाचे तरी बीटा, म्हणजे कथा टाकण्याआधी मसुदा तपासून देणारे, व्हा, तिथे या गुणाचं चीज होतं. बुकमार्कच्या नोटमध्ये ‘बोअर, सोडलं’ लिहिताना ‘प्रायव्हेट’वर टिक करा, नाहीतर ते लेखकासकट सगळ्यांना दिसतं. दुसऱ्याची अपुरी कथा एआयला घालून शेवट करवून घेणं आणि तो लेखकालाच कौतुकाने दाखवणं, याला माझ्याकडे छापण्याजोगा शब्द नाही.

आणि कथा २०१२ची आहे म्हणून कमेंट करायला लाजू नका. अशा जुन्या कथांवर मला आलेली उत्तरं बहुतेक वेळा माझ्या कमेंटपेक्षा लांब होती.