पुष्पजलाची तयारी: आधी चिठ्ठी, मग फूल

पुष्पजल म्हणजे फुलं पाण्यावर सोडून तीनेक तास उन्हात किंवा रात्री चांदण्यात ठेवून, नाहीतर उकळून घेतलेलं पाणी, ब्रँडीत किंवा दारू नको असेल तर ग्लिसरीनमध्ये टिकवलेलं. त्याची पहिली तयारी चिठ्ठ्यांची. भांडं, पाणी, ब्रँडी, मुहूर्त हे सगळं नंतर. आदल्या रात्री जेवण झालं की बसा आणि चिठ्ठ्या लिहा, प्रत्येक प्रकारच्या फुलाच्या तीन: एक भांड्याला, एक बाटलीला, एक बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने बांधायला. मागच्या वसंतात माझ्याकडून एवढंच राहिलं. पळस, मोह आणि सीता-अशोक, तिन्ही मोरीत ओतावे लागले, आणि पळसासाठी पुढच्या फाल्गुनापर्यंत थांबावं लागलं.

कारण नीट समजून घ्या. पुष्पजलात फुलाचा वास जवळपास उतरत नाही. चव तर नाहीच. पळसाचं पाणी तेवढं पिवळसर होतं, पण त्यात निम्मी ब्रँडी पडली की सगळ्या बाटल्या एका रंगाच्या, एका वासाच्या. कोणती कोणाची हे डोळा, नाक, जीभ यांपैकी कोणीही सांगू शकत नाही. ‘लक्षात राहील’ असं म्हणू नका. राहत नाही.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची. बॉलपेन नको, जेल पेन नको, मार्करही नको, मग त्यावर पक्की शाई म्हणून लिहिलेलं असलं तरी. ब्रँडीचा एक ओघळ आला की अल्कोहोल शाई विरघळवतं आणि नावाच्या जागी निळा डाग उरतो. पेन्सिलीला ते काही करत नाही. वरून पारदर्शक चिकटपट्टी बाटलीभोवती पूर्ण फिरवून टोकावर टोक आणा. आपल्याकडे एप्रिलपासून कूलर सुरू होतात आणि त्या ओल्या हवेत स्टिकरचा गोंद सुटतो. बाटल्या कूलरच्या खोलीत असतील तर चिठ्ठ्या जमिनीवर सापडतील. म्हणून गळ्यातली दोऱ्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर फुलाचं नाव, झाड कुठलं, तारीख आणि तिथी, ऊन की चांदणं की उकळून, ब्रँडी की ग्लिसरीन. पाचही गोष्टी.

आता हे करतो ते काय, याबद्दल थोडं. रीत डॉ. एडवर्ड बाख यांची. जन्म १८८६, मृत्यू १९३६. लंडनमधली वैद्यकी सोडून ते रानाकडे वळले आणि ३८ पुष्पौषधी मागे ठेवून गेले. त्यांची फुलं बहुतेक इंग्लंड-वेल्सच्या कुंपणांतली. आपण रीत त्यांची घेतो, फुलं आपल्या कथांतली. औषध म्हणून याचा दावा करू नका. ज्या चाचण्यांत बाख यांच्या थेंबांची तुलना साध्या थेंबांशी झाली, त्यांत फरक दिसलेला नाही. रक्तदाबाची, झोपेची, नैराश्याची गोळी याच्या भरवशावर कोणीही बंद करू नये. मी हे जपाला बसताना घेते. फुलापाशी तीन तास शांत बसणं आणि त्याची कथा मनात धरणं, ही माझी साधना आहे, आणि ती मला पुरते.

फूल निवडताना कथा आधी बघा, पण कथेवर थांबू नका. इथे सगळ्यात मोठा धोका आहे. हलाहल पचवणाऱ्या महादेवाला आपण धोत्रा, रुई, कण्हेर वाहतो. महाशिवरात्रीच्या सुमारास मन त्यांच्याकडेच ओढतं. ती फुलं पाण्यात सोडू नका. धोत्र्यात अॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन असतं, माणूस भ्रमिष्ट होतो. तांबडी कण्हेर आणि पिवळी बिट्टी थेट हृदयाचे ठोके बिघडवतात. रुईचा चीक तसाच. ही विषं पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये उतरतात, म्हणजे आपण जी कृती करतो तीच विष काढायचीही कृती आहे. काही जण फूल न तोडता भांडं झाडाखाली ठेवतात आणि ‘स्पर्श नाही’ म्हणतात. पराग पडतो, चीक ठिबकतो. महादेवाला वाहा, नमस्कार करा, घरी या.

मग कोणती घ्यायची? पळस घ्या. गायत्री पक्षिणी होऊन तिसऱ्या द्युलोकातून सोम आणायला गेली, तेव्हा एक पान तुटून खाली पडलं आणि त्याचा पळस झाला, म्हणून वेदात त्याला ‘पर्ण’च म्हणतात. रंगपंचमीला याच फुलांचं पाणी आपण अंगावर घेत आलो, तेव्हा भीती नाही. मोह घ्या. गोंड समाजात हे झाड पूज्य आहे आणि फुलं खाण्यातली आहेत. पण गावाजवळच्या मोहाखाली पहाटे वेचणाऱ्या बायांचा त्यावर वर्षाचा हिशोब असतो. झाड कोणाच्या वाट्याचं आहे ते विचारा, विचारल्याशिवाय एक फूलही उचलू नका. मोह गोड असतो, उन्हात पटकन आंबतो, त्याला तीन तास देऊ नका, दोन पुरे. सीता-अशोक घेणार असाल तर झाड नीट ओळखा. कॉलनीतल्या फाटकाशी उंच सरळ उभा असतो तो खोटा अशोक. अशोकवनातला अशोक वेगळा, त्याला नारिंगी-तांबडे गुच्छ थेट जुन्या फांद्यांवरही येतात. रानात तो कमी होत चालला आहे, तेव्हा एक गुच्छ पुरे.

पारिजातक मात्र उन्हात ठेवू नका. सूर्यावर प्रेम जडलेल्या राजकन्येच्या राखेतून हे झाड आलं आणि म्हणून सूर्य उगवायच्या आत ते फुलं टाकून देतं, ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. तरी लोक ती फुलं सकाळी नऊच्या उन्हात तीन तास ठेवतात आणि तपकिरी झाली म्हणून हळहळतात. कथा इथे पद्धत सांगते आहे. पारिजातक चांदण्यात करायचा. आपल्याला त्यासाठी वेगळी रात्र शोधावी लागत नाही, कोजागिरी आहेच, आणि तेव्हा झाडही भरात असतं. गच्चीवर दुधाच्या पातेल्याशेजारी काचेचं भांडं ठेवा. झाडाखाली संध्याकाळीच स्वच्छ धुतलेलं धोतर अंथरा, रात्री जी पडतील तीच फुलं घ्या. सूर्यास्तानंतर झाडाला हात लावू नये हा घरातला नियमही मोडत नाही. आणि रात्री अंधारात चिठ्ठी कोण लिहिणार? म्हणून दिवसाच लिहून ठेवा.

कुडा हे माझं सगळ्यात आवडतं फूल. कालिदासाच्या यक्षाने रामगिरीवर पहिल्या मेघाला कुड्याचीच ताजी फुलं वाहिली, आणि तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. नागपूरकराने पुष्पजल करावं आणि कुडा सोडावा हे मला पटत नाही. अडचण दोन. कुडा आणि कण्हेर एकाच कुळातले, दोघांनाही पांढरा चीक. म्हणून झाड ओळखणारा माणूस बरोबर न्या, मोबाईलवरचा फोटो पुरत नाही. खरी कुड्याची फुलं लोक भाजीत खातात, पण ‘खरी’ या शब्दावर जीव अवलंबून आहे. दुसरी अडचण आभाळ. आषाढात तीन तास सलग ऊन मिळत नाही, आणि अर्ध्या उन्हातलं पाणी मी धरत नाही. अशा वेळी बाख यांचीच दुसरी रीत: स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात फुलं पाण्यासकट अर्धा तास उकळायची, झाकून गार करायचं, गाळायचं. आणि त्या बाटलीच्या चिठ्ठीवर ‘उकळून’ लिहायचं.

फुलं आणायची कुठून? नागपुरातल्या बर्डीच्या फूलबाजारातून नको, त्यांवर काय फवारलं ते कोणी सांगत नाही. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर या संरक्षित जंगलांतून फूल आणणं कायद्याने मना आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा पाकळीलाही लागू होतो. वावराच्या धुऱ्यावरचा पळस सगळ्यात चांगला, मालकाला विचारून. कपाशीला लागून असेल तर फवारणी कधी झाली हेही विचारा. अंगणातलं झाड असेल तर उत्तमच. रस्त्याकडेचं धुळीचं नको.

पाणी: नळाचं क्लोरीनवालं नको, बोअरचं जड पाणी नको. उकळून गार केलेलं किंवा बाटलीबंद. भांडं साध्या काचेचं, रंग नाही, नक्षी नाही. देवघरातलं तांब्याचं ताम्हन पुढे येईल, ते मागे ठेवा. बाटल्या गडद काचेच्या, उकळून, पूर्ण वाळवून. आत ओलावा राहिला तर ब्रँडी पातळ होते.

गच्चीची पाहणी आदल्या दिवशी त्याच वेळी करा. पाण्याची टाकी, शेजारची इमारत, टॉवर यांची सावली तीन तासांत कुठून कुठे सरकते ते उभं राहून बघा. मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून त्यात भांडं. मधमाश्या येतील, हाकलू नका, बुडत असेल तिला काडीने काढा. माकडांची वस्ती असेल तर कोणीतरी तिथे बसलंच पाहिजे, आणि तसंही बसायचंच आहे. मार्चमध्ये साडेसात ते साडेदहा ठीक. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सूर्य उगवताच मांडा आणि नऊच्या आत उचला, नाहीतर फुलं शिजतात.

ब्रँडी आधी आणून ठेवा. महाराष्ट्रात त्यासाठी परवाना आणि वयाची २५ वर्षं लागतात, एक दिवसाचा परवाना दुकानात मिळतो. आषाढी एकादशीला दुकानं बंद, आणि कुड्याचा हंगाम नेमका त्याच सुमाराचा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. सेवाग्रामकडच्या मैत्रिणीला भेट म्हणून बाटली नेऊ नका, ग्लिसरीनमधली न्या. दारू सोडलेल्या माणसाला, लहान मुलाला, गरोदर बाईला ब्रँडीतली बाटली देऊच नका. आणि हे कळायला बाटलीवर ‘ब्रँडी’ की ‘ग्लिसरीन’ लिहिलेलं हवं. पुन्हा चिठ्ठीच.

सकाळचा क्रम: आंघोळ, झाडाला नमस्कार, मनात कशासाठी मागतो आहोत ते स्पष्ट. भांड्याला चिठ्ठी लावली? मगच पाणी ओता. पूर्ण उमललेली, कीड नसलेली फुलं, बोटं न लावता त्याच झाडाच्या पानाने धरून खुडा आणि लगेच पाण्यावर सोडा, पृष्ठभाग झाकेपर्यंत. एका झाडावरून सगळी नको. भांड्यावर आपली सावली पडू देऊ नका. फोन घरात. दोन फुलं एकाच सकाळी करायचा मोह होतो. करायचीच तर दोन भांड्यांत हातभर अंतर आणि दोन्हींना चिठ्ठी, कारण पळस काढून घेतल्यावर उरतं ते फक्त पाणी.

वेळ झाली की त्याच झाडाच्या काडीने फुलं उचला, झाडाच्या बुंध्याशी ठेवा. पाणी गाळा. चिठ्ठी लावलेल्या बाटलीत निम्मी ब्रँडी आधीच असू दे, निम्मं पाणी वरून. हलवा. हा मूळ अर्क. अंधाऱ्या कपाटात ठेवा, माळ्यावर नको.

पुढचं थोडक्यात. मूळ अर्काचे दोन थेंब ३० मिली ब्रँडीत, ही साठ्याची बाटली. तिचे दोन थेंब ३० मिली पाण्यात, ही रोजची; चार थेंब, दिवसातून चार वेळा. ड्रॉपर जिभेला लावू नका. फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवड्यांत संपवा, गढूळ दिसली किंवा वास आला तर ओता. औषध म्हणून विकायला परवाना लागतो, विकू नका. साठ्याच्या बाटलीला वेगळी चिठ्ठी, रोजच्या बाटलीला वेगळी, दोन्ही पेन्सिलीने.