गड्ड्याआधी मोरीची तयारी

जानेवारी लागला की आमच्याकडे तीळ निवडून होतात, शेंगा भाजून होतात, पाहुण्यांच्या चादरी उन्हात पडतात. मोरीकडे कुणी बघत नाही. गेल्या वर्षी ऐन भोगीला, गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला आलेली नऊ माणसं घरात असताना, सिंकचं पाणी न्हाणीतून वर आलं. प्लंबरनं चेंबरमधून तारेनं पांढरट चिकट गोळा ओढून काढला आणि म्हणाला, "वैनी, पाईपात खळ शिजलीय की ओ." खळ म्हणजे विणण्याआधी सुताला लावतात ती पिठाची चिकट पेज; कापडाचा माग बघितलेल्या सोलापूरकराला यापुढं काही सांगायला नको.

म्हणून यंदा पंधरा दिवस आधीपासून लागले. सुरुवात परातीपासून. भाकरीचं पीठ परातीला वाळून बसतं, आपण ते भिजवून सरळ सिंकमध्ये सोडतो. आत तेलाशी गाठ पडली की त्याची खळच होते. त्यामुळं परात, तवा, कढई आधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसायची, मग धुवायची. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरून झाकण लावून कचऱ्यात. यात्रेत लिंगांना तेल लावतात, त्या यण्णीमज्जनाचं तेल सिद्धेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांना शोभतं, मोरीला नको. सिंकच्या जाळीवर आणखी एक बारीक स्टीलची जाळी बसवा. शेंगाचटणीचा भरडा आणि चहाचा चोथा हमखास तिथं अडकतो.

आता पाण्याचं. आपल्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून भांडी मगभर पाण्यात उरकायची सवय लागलीय. तेवढ्याशा पाण्यानं पाईपातला गाळ पुढं सरकत नाही, तिथंच थर धरतो. दुसरीकडे, नळ आला की आदला साठा 'शिळा' म्हणून आपण अंगणात ओततो. तेच पाणी दोन बादल्या भरून, एका दमात, सिंकमध्ये आणि न्हाणीत सोडा. धार नको, लोंढा हवा. पाण्याचा दिवस हाच मोरीचा दिवस, असं मी कॅलेंडरवर लिहूनच ठेवलंय. एक पैसा जास्तीचा लागत नाही. पाणी मात्र उकळतं ओतू नका. 60 अंशांपुढं पीव्हीसी नरमायला लागतो. हाताला सोसेल इतकं गरम पुरे.

न्हाणीची जाळी उचलून केसांचा गुंता काढा. किळस येते, पण दोन मिनिटांचं काम. पाहुण्यांच्या खोलीतलं बाथरूम महिनोन्महिने बंद असेल तर ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या पाईपात वास अडवायला साठलेलं पाणी आटलेलं असतं आणि गटाराचा वास थेट आत येतो. मगभर पाणी ओतलं की वास थांबतो. नव्या चादरी-टॉवेलांचा पहिल्या धुण्यात केवढा तूस निघतो, बघितलंय ना? मशीनच्या पाईपाच्या तोंडाला जुना पायमोजा बांधा आणि दर धुण्याला झाडून घ्या.

मग चेंबर. झाकण दिवसाउजेडी उघडा, आणि वरच्या मजल्यावर कुणाला तरी नळ सोडायला सांगा. पाणी अडखळत येत असेल तर प्लंबर आत्ताच बोलवा, भोगीच्या सकाळी तो मिळत नाही. दरवर्षी त्याच जागी तुंबत असेल तर उतार मोजून घ्या. चार इंची पाईपाला दहा फुटांमागं साधारण तीन इंच उतार लागतो. आमचा जेमतेम एक इंच निघाला. फरशी बसवणाऱ्यानं घाई केली होती, आता बोलून काय उपयोग!

सोडा-लिंबाचा फेस बघायला छान, पण घट्ट बसलेला गोळा त्यानं निघत नाही. संडास धुण्याचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर चुकूनही एकत्र ओतू नका, क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत जीव गुदमरतो. आणि सेप्टिक टाकी असेल तर उपसायला गाडीच बोलवा. माणूस आत उतरवायचा नाही, 2013 च्या कायद्यानं तशी जोखमीची सफाई करून घ्यायला बंदी आहे.

रबरी पंप, लांब तार, हातमोजे आणि एक जुनी बादली मी न्हाणीमागं ठेवून दिलीय. यंदा अकरा माणसं येणार आहेत. जाऊबाईंना परात पुसायचा कागद कुठं ठेवलाय, ते तेवढं सांगायचं राहिलंय.