बेरजेत #एन/ए आले? घाईघाईत या चुका टाळा

एक्सेलमध्ये व्हीलुकअपने (दुसऱ्या टेबलमधून माहिती शोधून आणणारे फंक्शन) दर आणले, फॉर्म्युला खालपर्यंत ओढला, शेवटी सम लावला आणि बेरजेच्या जागी #एन/ए, म्हणजे ‘सापडले नाही’ ही एरर उमटली. शेकडो ओळींपैकी एकीत जरी ही एरर असली तरी अख्खी बेरीज अडते. वैताग येतो हे खरे, पण एक्सेलचे यात काही चुकत नाही. एक रक्कम सापडलेलीच नसताना बेरीज पूर्ण कशी म्हणायची?

खरी महागात पडणारी चूक त्यानंतर होते. लुकअपला सरसकट इफएरर (एरर आली तर तिच्या जागी आपण दिलेले दाखवणारे फंक्शन) लावून एररच्या जागी शून्य बसवले जाते. बेरीज लगेच दिसू लागते, पण न सापडलेल्या ओळी शून्य धरल्या जातात आणि तो आकडा तसाच पुढे जातो. शिवाय इफएरर कुठलीच एरर सोडत नाही. फंक्शनचे नाव चुकून #नेम? आले असते किंवा कॉलम डिलीट झाल्यामुळे #रेफ! आले असते, तरी तुम्हाला शून्यच दिसते. त्याच कॉलमची सरासरी काढली तर तीही या शून्यांमुळे खाली येते. एक्सेल 2013 पासून इफएनए उपलब्ध आहे. ते फक्त ‘सापडले नाही’ एवढीच एरर पकडते, म्हणून लुकअपसाठी तेच वापरा. शून्याऐवजी रिकामी अवतरणचिन्हे दिली तर सम ती ओळ सोडून देतो. मात्र तोच सेल अधिक चिन्हाने बेरजेत घेतला की #व्हॅल्यू! येते.

एरर झाकण्याआधी ती का आली ते बघा. फॉर्म्युला ओढताना टेबलची रेंज डॉलर चिन्हांनी लॉक केली नसेल तर ती ओळीगणिक खाली सरकते आणि वरच्या नोंदी हातातून निसटतात. वरच्या ओळींत उत्तरे बरोबर आणि खाली जावे तसे #एन/ए वाढत गेले, तर आधी हेच तपासा. कोड एकीकडे आकडा आणि दुसरीकडे टेक्स्ट असेल तरी जुळत नाही. कोडच्या शेवटी राहिलेली स्पेस ट्रिम फंक्शनने जाते. वेबवरून कॉपी केलेल्या मजकुरातली कॅरेक्टर कोड 160 असलेली स्पेस (दिसायला साधीच) मात्र ट्रिमला दाद देत नाही. ती सब्स्टिट्यूटने काढावी लागते.

आणि व्हीलुकअपचा चौथा भाग (जुळणी अचूक हवी की जवळपासची, हे सांगणारा) कधीही रिकामा सोडू नका. तो दिला नाही तर जवळपासची जुळणी धरली जाते. यादी चढत्या क्रमाने लावलेली नसेल तर भलत्याच ओळीचा आकडा येऊ शकतो, तोही बिनएरर. मला तरी #एन/एपेक्षा याचीच धास्ती जास्त वाटते. चौथ्या भागात फॉल्स लिहा. व्हीलुकअपच्या नव्या पर्यायात, एक्सलुकअपमध्ये, मुळातच अचूक जुळणी असते.

काही नोंदी अजून यायच्या आहेत आणि आतापर्यंतची बेरीज तर हवी आहे, अशी वेळ येतेच. अॅग्रिगेट फंक्शनमध्ये 9 (बेरीज) आणि 6 (एरर सोडा) हे आकडे दिले की एरर सोडून बेरीज होते, पण तेही सगळ्याच एरर वगळते. त्यापेक्षा समइफ (अटीत बसणाऱ्या सेलचीच बेरीज) घ्या आणि अट द्या "<>#एन/ए", म्हणजे ‘#एन/ए नसलेले’ (शीटमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत). न सापडलेल्या ओळी वगळल्या जातात, दुसरी कुठली एरर असेल तर ती समोर येते. शेजारच्या सेलमध्ये काउंटइफने #एन/ए किती आहेत ते मोजून ठेवा. बेरीज कुणाला पाठवाल तेव्हा हा आकडाही सोबत पाठवा.