ब्राह्मी लावलीय? मग पंधराव्या दिवशी खुरपं घेऊन वाफ्यात उतरा

तरणा (पुनर्वसू नक्षत्राचा) पाऊस तोंडावर आलाय. कोल्हापूरच्या करवीर, राधानगरी, भुदरगडात ज्यांनी पाणथळ कोपऱ्यात नीर ब्राह्मी ही औषधी वेल लावलीय, त्यांनी भाताची रोप लावण दोन दिवस मागं ठेवावी. ब्राह्मीची पहिली भांगलण, म्हणजे खुरप्यानं तण काढणं, मागं ठेवता येत नाही.

दरवर्षी तेच बघतोय. "लावण आटपू दे, मग बघू," म्हणत माणसं चिखलणीत अडकतात. महिन्यानं येऊन बघतात तर वाफ्यात नुसता लव्हाळा. ब्राह्मीच्या वेलाला पेरापेराला मुळ्या फुटतात. उशिरा तण उपटलं की तिचा अर्धा वेलही हातात येतो. नाही उपटलं तर कापणीत गवत मिसळतं आणि व्यापारी माल परत लावतो. लावणीपासून पहिली भांगलण 15व्या दिवशी, दुसरी 30-35व्या. मजूर मिळत नसतील तर पैऱ्यानं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांच्या रानात राबून, करा. एकदा वेल जमिनीला दाट बसला की तणाला जागाच उरत नाही.

दुकानात तणनाशक मागू नका, दिलं तरी घेऊ नका. 2,4-डी रुंद पानांच्या तणावर चालतं, आणि ब्राह्मीही रुंद पानांचीच. शिवाय हा पाला औषधात जातो. ह्युमिक, टॉनिकच्या बाटल्यांचे पैसे भांगलणीला ठेवा.

बाकी कामं:
- कांड्या 5-10 सें.मी., अंतर 10 × 10 सें.मी.; गुंठ्याला साधारण 10,000
- शेणखत गुंठ्याला 50 किलो
- शिफारस हेक्टरी 100:60:60 किलो नत्र, स्फुरद, पालाश. नत्र तीन हप्त्यांत
- नाकतोडे दिसले तर 5 टक्के निंबोळी अर्क
- उघडीप पडली तर पाणी. वाफा सुकू देऊ नये

युरियाचा पहिला हप्ता मी भांगलणीनंतरच टाकतो. आधी टाकला तर तो लव्हाळाच खातो, असा माझा अंदाज.

कांड्या घेताना पानं बघा. नीर ब्राह्मीचं पान बारीक, जाडसर, बिनदेठाचं. फूल पांढरं किंवा फिकट जांभळं. लांब देठावर गोल पान असेल तर तो कारिवणा. आपल्याकडं त्यालाही ब्राह्मीच म्हणतात आणि नीर ब्राह्मी म्हणून तोच खपवला जातो.

कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बुडाला 4-5 सें.मी. ठेवून, पाला सावलीत वाळवा. त्याच बुडख्यातून पुन्हा फुटवा येतो. पण कापल्यावर जमीन उघडी पडते आणि बांधावरची हराळी आत सरकते, तेव्हा आठ दिवसांत परत एक भांगलण.